माळरानावरील वसाहत आणि भूमीची योग्यता : औंध संस्थानातील दोन प्रयोग

प्रस्तावना :
अवर्षणप्रवण प्रदेश नव्या वस्तीस योग्य आहे की नाही, हे सामान्यतः पाऊस, माती व विहिरीचे पाणी यांवरून ठरविले जाते. औंध संस्थानातील किर्लोस्करवाडी (१९१०) व स्वतंत्रपूर (१९३९) या वसाहतींचा इतिहास पाहता हे निकष अपुरे ठरतात.

किर्लोस्करवाडी :
बेळगाव येथील कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील ३२ एकर माळ व दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. माळ निवडुंगाने व्यापलेला होता. शेतीच्या कसोटीवर ही जागा अयोग्यच ठरली असती. तथापि रेल्वेमार्ग जवळ असल्याने कच्चा माल आणणे व तयार नांगर बाजारपेठेत पाठविणे शक्य होते. वसाहतीचे अन्न तेथील जमिनीतून नव्हे, तर मालाच्या विक्रीतून येणार होते. म्हणून जमिनीच्या नापीकपणाला येथे दुय्यम महत्त्व उरले.

स्वतंत्रपूर :
आटपाडीजवळील स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत होय. मॉरिस फ्रीडमन यांच्या विचारातून ती साकारली. कैद्यांनी कुटुंबासह राहून शेती करावी, अशी ही योजना होती. येथे रेल्वे नव्हती व कारखानाही नव्हता. सारी भिस्त जमिनीवर होती आणि माणदेशातील पाऊस अल्प व लहरी. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यानंतरही शासनाने ही वसाहत चालू ठेवली.

याच आटपाडी-खानापूर परिसरातील असंख्य स्वतंत्र शेतकरी मात्र दुष्काळाला कंटाळून बाहेर पडले व सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर पांगले. ज्यांना गाव सोडण्याची मुभा होती ते गेले. ज्यांना ती नव्हती ते राहिले.

निष्कर्ष :
वस्ती टिकली म्हणजे भूमी योग्य होती, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. किर्लोस्करवाडीला बाजारपेठेने तारले, तर स्वतंत्रपूरला राज्यसंस्थेचा आधार लाभला. केवळ स्वतःच्या शेतावर विसंबलेल्या कुटुंबाकडे यांपैकी काहीच नव्हते. अलीकडे टेंभू उपसा सिंचन योजनेद्वारे कृष्णेचे पाणी आटपाडीत पोहोचले. तेही बाहेरूनच आले. त्यामुळे कोरडवाहू प्रदेशातील पुनर्वसनाचा विचार करताना जमिनीच्या प्रतीबरोबरच, पीक बुडालेल्या वर्षाचा भार कोण उचलणार, हा प्रश्न प्रथम विचारला जाणे आवश्यक आहे.