भिंगाखालचा ठिपका



आपल्या घरांत राजा रविवर्म्यांच्या लक्ष्मीची किंवा सरस्वतीची जुनी तसबीर असेल, आणि ती मागाहून छापलेली नक्कल नसून खरोखरच पणजोबांच्या वेळची असेल, तर एक लहानसा प्रयोग करून पाहा. तसबीर भिंतीवरून उतरवा आणि एक बरेंसें भिंग लक्ष्मीच्या गालाशीं न्या. गाल नाहींसा होतो आणि ठिपके दिसूं लागतात. कांहीं गुलाबी, कांहीं पिवळसर. येथें दाट, तेथें विरळ. कोणताही ठिपका शेजारच्यासारखा नाहीं. आतां तेंच भिंग सकाळच्या वर्तमानपत्रांतील एखाद्या छायाचित्रावर धरा. तेथेंही ठिपकेच आहेत. परंतु ते कवायतीस उभ्या राहिलेल्या पलटणीसारखे, ओळींत आणि सारख्या अंतरावर. पहिले माणसाच्या हातानें दिलेले आहेत, दुसरे यंत्रानें पाडलेले. चित्रमुद्रणाच्या इतिहासांतील एक मोठें स्थित्यंतर या दोन ठिपक्यांच्या मध्यें घडलें.

रविवर्म्यांनीं १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला, तो शिळाछापाचा. म्यूनिकच्या झेनेफेल्डरनें १७९६ च्या सुमारास शोधलेल्या या विद्येचें तत्त्व आपल्या स्वयंपाकघरांतलेंच आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहींत. गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूनें काढावें, दगड ओला करावा आणि शाईचा रूळ फिरवावा. शाई तेलकट जागीं बसते, ओल्या जागीं बसत नाहीं. मात्र एका दगडावर एकच रंग! म्हणून मूळ तैलचित्र आधीं मनांतल्या मनांत फोडावें लागे. या गालांत पिवळा किती, तांबडा किती, सांवलीच्या खालीं निळा आहे कीं तपकिरी, हें कारागिरानें नजरेनें ठरवावयाचें आणि प्रत्येक रंगाचे ठिपके निरनिराळ्या दगडांवर, तेही उलटे, मांडावयाचे. एका चित्राला डझनभर दगड लागणें ही कांहीं नवलाची गोष्ट नव्हती. कागद तितक्याच वेळां यंत्राखालून जाई, आणि एखाद्या खेपेस केसभर सरकला कीं ओंठांचा रंग हनुवटीवर! शेवटीं वर वार्निश चढवीत आणि कॅनव्हासचा पोत उठवीत. हाच तो ओलिओग्राफ.

प्लेगच्या दिवसांत हा छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि पुढें त्याची मालकी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आली. चित्रांच्या तळाशीं रविवर्म्यांचें नांव सांपडतें, छापखान्याचें सांपडतें. गालावरचे ठिपके देणाऱ्याचें नांव सांपडत नाहीं. रसिकांनीं या चित्रांना बाजारी म्हणून नाकें मुरडलीं आहेत. मला तें अर्धवट वाटतें. त्यांत एका चित्रकाराचें नव्हे, दोघांचें काम आहे, आणि दुसऱ्याकडे आपण कधीं पाहिलेंच नाहीं.

परंतु या दुसऱ्या हाताविषयीं फार हळवें होण्याआधीं कलकत्त्याची एक हकीकत ऐका. उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे बंगालींत मुलांसाठीं लिहिणारे, चित्रें काढणारे आणि उत्तम व्हायोलिन वाजविणारे गृहस्थ. त्यांनीं मुलांसाठीं रामायण लिहिलें आणि चित्रेंही स्वतः काढलीं. चित्रें छापावयाचीं म्हणजे तीं लाकडावर कोरणाऱ्याच्या हातांतून जावयाचीं. छापून आल्यावर पाहतात तों आपलीं चित्रें आपलींच वाटत ना! मधल्या हातानें त्यांचा जीव घेतला होता. अशा वेळीं बहुतेक लेखक प्रकाशकाशीं भांडतात. यांनीं विलायतेहून कॅमेरा आणि सामग्री मागविली आणि १८९५ सालीं स्वतः ठसे करण्याचा कारखाना काढला. रविवर्म्यांच्या छापखान्यानंतर अवघ्या एका वर्षानें!

ही नवी विद्या हाफटोनची. छायाचित्रांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत असंख्य छटा असतात; छापखान्याच्या शाईला मात्र एकच छटा ठाऊक. ४ मार्च १८८० रोजीं न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ पत्रानें एका झोपडवस्तीचें छायाचित्र या तऱ्हेनें छापलें. पुढें फिलाडेल्फियाच्या आइव्ज आणि लेव्ही बंधूंनीं ती बरीच निर्दोष केली. सूक्ष्म आडव्याउभ्या रेघा आंखलेली एक कांच कॅमेऱ्यांतील संवेदनशील कांचेपुढें थोड्या अंतरावर धरतात. या जाळीचें प्रत्येक छिद्र म्हणजे एक चिमुकला कॅमेराच. उजेड जितका प्रखर तितका तेथें ठिपका मोठा. पुढें तें चित्र तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर घेऊन तेजाबानें कोरलें कीं गडद जागीं मोठे आणि उजळ जागीं बारीक काळे ठिपके उमटतात, आणि दुरून पाहणाऱ्या डोळ्याला राखाडी रंगाचा भास होतो.

पण जाळी नेमकी किती अंतरावर धरावयाची? भिंगाचें छिद्र केवढें ठेवावयाचें? विलायतेंतले कारागीरही हें पुष्कळसें अंदाजानें ठरवीत. उपेंद्रकिशोरांनीं हा अंदाज गणितांत बसविण्याचें मनावर घेतलें. युरोपांत कधीं पाऊल न टाकलेल्या या माणसाचे लेख १८९७ पासून विलायतेच्या ‘पेन्रोज’ या मुद्रणवार्षिकांत येऊं लागले: जाळीच्या अंतरावर, ठिपक्याच्या उपपत्तीवर, साठ अंशांच्या जाळीवर. आजचा आरेखक संगणकाच्या पडद्यावर ‘हाफटोन’ हा शब्द दाबतो आणि ठिपक्याचा आकार नि जाळीचा कोन बोटानें सरकवितो, तेव्हां याच प्रश्नांचीं उत्तरें त्याच्यासाठीं कोणी आधींच काढून ठेवलेलीं असतात.

दोन्ही ठिपक्यांशीं ज्याचा संबंध आला असा एक मराठी माणूस आपणां सर्वांना ठाऊक आहे, पण निराळ्याच कारणानें. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके रतलामला तीनरंगी ठसे करावयास शिकले. या कामांत प्रत्येक रंगासाठीं जाळी निराळ्या कोनांत फिरवावी लागते, नाहीं तर चित्रावर रेशमासारख्या नको त्या लहरी उठतात. रविवर्म्यांच्या छापखान्यासाठीं त्यांनीं फोटो-लिथोचें काम केलें, म्हणजे हाताच्या दगडावर कॅमेरा आणणाऱ्यांपैकीं ते एक. १९०८ सालीं त्यांनीं लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला, १९०९ सालीं जर्मनीस जाऊन आले, पुढें भागीदारांशीं बिनसलें आणि तो धंदा सोडून ते चलच्चित्रांकडे वळले. ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईंत लागला.

त्याच वर्षाच्या एप्रिलांत कलकत्त्यास उपेंद्रकिशोरांनीं ‘संदेश’ हें मुलांचें मासिक सुरू केलें. कथा त्यांच्या, चित्रें त्यांचीं, ठसे त्यांच्याच कारखान्यांतले; मध्यें परका हात कोणाचाच नाहीं. १९१५ सालीं ते वारले आणि मासिक मुलगा सुकुमार यानें चालविलें.