कोण होते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल? वयाच्या २१ व्या वर्षी परमवीर चक्र मिळालेला पुण्यात जन्मलेला अधिकारी

१६ डिसेंबर १९७१. ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, तो हा दिवस. पण त्याच दिवशी पश्चिम आघाडीवर शकरगड भागात रणगाड्यांची घनघोर लढाई सुरू होती. त्यात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल शहीद झाले.

पुणे, खडकवासला, अहमदनगर

अरुण यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजी पुण्यात झाला. वडील एम. एल. खेत्रपाल लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरमध्ये अधिकारी होते. सनावरच्या लॉरेन्स स्कूलमध्ये शिकून अरुण १९६७ साली खडकवासल्याच्या एनडीएमध्ये दाखल झाले. १३ जून १९७१ रोजी त्यांना १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये कमिशन मिळालं. याच रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल ए. बी. तारापोर यांना १९६५ च्या युद्धातल्या शौर्यासाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं होतं.

अरुण अहमदनगरला तरुण अधिकाऱ्यांचा कोर्स करत असतानाच युद्धाचे ढग जमले आणि त्यांना रेजिमेंटमध्ये बोलावून घेण्यात आलं. नोकरीला तेव्हा जेमतेम सहा महिने होत होते.

बसंतरच्या काठावर काय घडलं?

बसंतर नदीपलीकडे भारतीय फौजांनी ठाणं मांडलं होतं. ते उखडून टाकण्यासाठी पाकिस्तानने पॅटन रणगाडे घेऊन जरपालजवळ हल्ला चढवला. तिथल्या स्क्वॉड्रनने कुमक मागितली आणि अरुण आपल्या सेंच्युरियन रणगाड्यासह धावून गेले. या रणगाड्याचं नाव होतं ‘फामागुस्ता’.

लढाईत अरुण यांच्या रणगाड्याला गोळा लागून आग लागली. ते स्वतः गंभीर जखमी झाले. रणगाडा सोडून बाहेर पडण्याचा आदेश आला. पण आपण मागे हटलो तर शत्रू इथूनच आत घुसेल, हे त्यांना दिसत होतं. तोफ अजून चालत होती, म्हणून ते लढत राहिले. त्यांनी टिपलेला शेवटचा रणगाडा तर अवघ्या शंभर मीटरवर होता. दुसरा गोळा लागला आणि अरुण यांना वीरमरण आलं. त्यांनी एकट्याने चार रणगाडे उद्ध्वस्त केल्याची नोंद आहे. शत्रूला त्या भागातून पुढे येता आलं नाही.

३० वर्षांनी कळलेली गोष्ट

२००१ साली ब्रिगेडियर खेत्रपाल आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ते ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांच्या घरी उतरले होते. परतीच्या आदल्या रात्री नासेर यांनी कबुली दिली : त्या दिवशी अरुण यांच्यासमोर लढणारा अधिकारी मीच होतो, त्यांचा मृत्यू माझ्याच हातून झाला. यजमानाने एवढे दिवस केलेल्या पाहुणचाराचा अर्थ त्या म्हाताऱ्या बापाला तेव्हा कळला.

आज एनडीएचं परेड मैदान अरुण यांच्या नावाने ओळखलं जातं. श्रीराम राघवन यांचा ‘इक्कीस’ हा चित्रपटही त्यांच्यावरच आहे. नावाचा अर्थ अर्थातच त्यांचं वय.