बडी बोल्डेन : ध्वनिमुद्रणाविना उरलेला वादक आणि इतिहासाची साधने

जॅझ संगीताच्या उगमाचा विचार करताना अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या चार्ल्स 'बडी' बोल्डेन (१८७७-१९३१) या कृष्णवर्णीय वादकाचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ट्रम्पेटच्या कुळातील कॉर्नेट हे त्याचे वाद्य होय. मात्र त्याच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. जे वादन आज कोणालाही ऐकता येत नाही, त्याच्या शैलीचा इतिहास कोणत्या आधारावर लिहावयाचा, हा या चरित्रातील मूलभूत प्रश्न आहे.

बोल्डेनचा वादनकाळ स्थूलमानाने १८९५ ते १९०६ असा मानला जातो. १९०७ मध्ये त्याला लुइझियाना राज्यातील जॅक्सन येथील मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले व तेथेच त्याचा अंत झाला. जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका १९१७ मध्ये निघाली, ती श्वेतवर्णीय वादकांच्या वाद्यवृंदाची. अशा रीतीने ज्यांनी हे संगीत घडविले, त्यांची पहिली पिढी नोंदीबाहेरच राहिली.

ही पोकळी आख्यायिकांनी भरून काढली. १९३९ च्या 'जॅझमेन' या ग्रंथाने बोल्डेनला न्हावी आणि एका वृत्तपत्राचा संपादक ठरविले. पुढे डोनाल्ड मार्क्विस यांनी शहराच्या निर्देशिका, पोलीस व रुग्णालयाच्या नोंदी तपासून १९७८ मध्ये या दोन्ही गोष्टी निराधार असल्याचे दाखवून दिले. निर्देशिकांत तो प्रथम गिलाव्याचे काम करणारा आणि नंतर वादक म्हणून आढळतो.

शैलीविषयी मात्र समकालीनांच्या आठवणींत लक्षणीय एकवाक्यता आहे. दणदणीत नाद, कानाने आत्मसात केलेल्या चालींचे मुक्त रूपांतर आणि नृत्यासाठी संथ लयीतील ब्लूज ही वैशिष्ट्ये त्यांत पुनःपुन्हा येतात. त्याच्या वाद्यवृंदाचे एकमेव ज्ञात छायाचित्रही येथे उपयुक्त ठरते. त्यात कॉर्नेट, ट्रॉम्बोन, दोन क्लॅरिनेट, गिटार व बास आहेत. तत्कालीन नृत्यवृंदांत सामान्यतः नेतृत्व करणारे व्हायोलिन नाही. सुरावटीची धुरा कॉर्नेटकडे आली होती, या अनुमानास त्यामुळे बळ मिळते.

सारांश, मौखिक साधने सरसकट स्वीकारणे जितके घातक, तितकेच ती सरसकट नाकारणेही घातक होय. चरित्राच्या तपशिलांत फसलेली स्मृती नादाच्या बाबतीत विश्वसनीय ठरू शकते. दप्तरातील नोंदींनी आख्यायिका दूर सारली. परंतु बोल्डेनचे वादकपण आजही, त्याला ऐकलेल्या माणसांच्या साक्षीवरच उभे आहे.