सोनीपतला न सुटलेले डास

हरियाणातल्या सोनीपत शहरात १९७५ साली प्रयोगशाळेत वाढवलेले एडिस इजिप्ती जातीचे नर डास मोठ्या संख्येने सोडायचे ठरले होते. ते सुटले नाहीत. कीटकांच्या आनुवंशिकतेत फेरफार करून त्यांची संख्या आटोक्यात आणण्याच्या इतिहासात हा न झालेला प्रयोग मला अनेक झालेल्या प्रयोगांहून महत्त्वाचा वाटतो.

मूळ कल्पना साधी. नर डास चावत नाही आणि मादी बहुधा एकाच नराशी जुगते. तो वांझ निघाला की तिची अंडी फुकट. १९६७ मध्ये हानेस लावेन या जर्मन शास्त्रज्ञाने ब्रह्मदेशातल्या ओक्पो गावात स्थानिक मादीशी न जुळणाऱ्या परक्या वाणाचे नर सोडले आणि तिथला क्युलेक्स डास जवळपास नाहीसा केला. डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते, त्यामुळे या यशाचे अप्रूप मोठे. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी दिल्लीत संयुक्त केंद्र काढले. पैसा अमेरिकेचा, पीएल-४८० खालच्या धान्याच्या बदल्यात इथे साठलेल्या रुपयांतला.

ठिणगी तिथेच पडली. १९७४ मध्ये पीटीआयच्या बातम्यांतून प्रश्न निघाले. हिवताप पुन्हा डोके वर काढत असताना तो न पसरवणाऱ्या डासांवर एवढी मेहनत का? एडिस हा पीतज्वराचा वाहक, आणि पीतज्वर भारतात नाही. मग या डासाची बारीकसारीक माहिती हवी कुणाला? दिल्लीजवळच्या धूलसिरस गावात सोडलेले क्युलेक्स नर थायोटेपा या कर्करोगकारक रसायनाने वांझ केलेले होते. त्याचा अंश पाण्यात उतरला तर? एडिस डेंग्यूही पसरवतो, हे शास्त्रज्ञांचे उत्तर खरे होते, पण त्या गदारोळात ते फिके पडले.

ज्योतिर्मय बसू यांच्या अध्यक्षतेखालील लोकलेखा समितीने १९७५ च्या अहवालात केंद्रावर कडक ताशेरे ओढले. त्याच अहवालात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षी-स्थलांतर अभ्यासाचीही झाडाझडती झाली, कारण त्यामागे अमेरिकी लष्कराचा पैसा होता. तेव्हा संशय अगदीच हवेतला नव्हता. जैविक युद्धाचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही. हा वाद वाचताना शास्त्रज्ञ, पत्रकार आणि खासदार बोलताना दिसतात. ज्यांच्या अंगणात डास सुटणार होते त्यांचा आवाज जवळजवळ येतच नाही. मला हे सगळ्यात खटकते.

वर्षाच्या मध्यावर केंद्र बंद पडले. देशात आणीबाणी लागलेली, डासांकडे कोण बघतो! पुढच्याच वर्षी हिवतापाच्या नोंदलेल्या रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली. हा प्रयोग झाला असता तरी तो आकडा कमी झाला नसता, कारण एडिस हिवताप पसरवतच नाही. पण डासांच्या आनुवंशिकतेवर काम करणारे हात त्यामुळे पांगले.

चार दशकांनी, २०१७ मध्ये, जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत पुन्हा एडिसच आला. ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीच्या नरांत असा जनुक घातलेला होता की त्यांची संतती प्रौढ होण्याआधीच मरावी. चाचणी उघड्यावर होती, पण जाळीच्या पिंजऱ्यांत.