खंड्या कायद्यात कसा आला?

इंग्रज सरकारने १९१२ साली वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा केला. त्याच्या परिशिष्टातली पक्ष्यांची यादी वाचताना आम्ही शेवटी थबकलो. माळढोक, बदकं, तितर, लावे, कबुतरं असे शिकाऱ्यांच्या आवडीचे पक्षी आधी येतात. आणि सर्वांत शेवटी बगळे, नीलपंख आणि खंड्या! बंदूक घेऊन खंड्याच्या मागे कोण लागणार?

उत्तर त्याच्या पाठीवर आहे. चीनमध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या धातूवर खंड्याच्या निळ्या पिसांचे तुकडे चिकटवून दागिने आणि मुकुट घडवत. लांबून पाहिलं तर मीनाकारीच वाटावी. यासाठी हिंदुस्थानातूनही पिसं जात. बगळ्यांची पिसं जात युरोपातल्या स्त्रियांच्या टोप्यांवर.

हा निळा रंग सहसा उडत नाही. कारण पिसात निळं रंगद्रव्य नसतंच! पिसाच्या आत केराटिनची सूक्ष्म, सच्छिद्र जाळी असते. तिच्यातून निळा प्रकाश विखुरला जातो, बाकीचा खालच्या गडद थरात शोषला जातो. जोवर जाळी शाबूत, तोवर रंग शाबूत. खंड्याच्या जिवावर बेतला तो हा गुण.

१९०२ साली सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. ती झाली बंदरावरची. पक्षी धरले जात होते ते आत, तळ्याकाठी. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना बंदीचा काळ ठरवता आला, हवा तर वर्षभराचाही. त्या काळात मारणं आणि विकणं दोन्ही गुन्हा. पुढे दागिन्यांची ती रीतही मागे पडली.

आज निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ, नांदूर मध्यमेश्वरला, खंड्या, छोटा धीवर आणि काळापांढरा कवड्या धीवर असे तिघेही दिसतात. हे १९८६ पासूनचं अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. तिघांपैकी एकही जात जागतिक यादीत धोक्यात धरलेली नाही.

पण धीवरांना मासे, बेडूक, नाकतोडे मिळून भागत नाही. त्यांना मातीची उभी दरड लागते. चोचीने माती उकरत ते आडवं बीळ करतात आणि टोकाच्या खोलीत पांढरी, गोलसर अंडी घालतात. खंड्याला तर नदीच हवी असं नाही, कच्च्या विहिरीचा काठ किंवा रस्त्याकडेची मुरमाची कापणीही चालते. विहिरी सिमेंटच्या कड्यांनी बांधल्या गेल्या. नाशिक शहरात गोदावरीचे काठ काँक्रीटचे झाले, आणि सिंहस्थ आला की नव्या घाटांची मागणी येतेच. १९७२ चा वन्यजीव कायदा घरट्याला आणि अंड्यांना जपतो. रिकाम्या दरडीबद्दल त्यात काही नाही.