एक हजार पाच

तिसरीत असताना गुरुजींनी मला फळ्याजवळ बोलावलं आणि म्हणाले, "एक हजार पाच लिही." मी १००० लिहिले, पुढे ५ मांडला. १०००५. वर्ग हसला, गुरुजींनी कान धरला. जे ऐकलं तेच लिहिलं, मग चुकलं कुठे, हे मला बरीच वर्षं उमगलं नाही.

उमगलं ते नाणेघाटात. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या या घाटाच्या माथ्यावर सातवाहनांचं लेणं आहे. भिंतीवर राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञात काय काय दान दिलं त्याची ती नोंद. त्यात ६००१ कार्षापणांचा उल्लेख येतो. आपण त्यासाठी चार अंक मांडतो. त्या लेखनिकाने हजाराच्या खुणेला सहा जोडला, पुढे एक काढला आणि तो मोकळा झाला. त्या लिपीत दहाला वेगळी खूण, वीसला वेगळी, शंभराला वेगळी. खूणच आपली किंमत सांगते, त्यामुळे शून्य लागतच नाही. फळ्यावर मी नकळत हीच रीत चालवली होती!

आमच्याकडे आणखी एक रीत होती, अबजदची. अलिफ म्हणजे एक, ये म्हणजे दहा, ग़ैन म्हणजे हजार. कुणी वारलं की शायर मिसऱ्यात अशी अक्षरं गुंफत, की त्यांची बेरीज केल्यावर हिजरी सन निघावा. अक्षर ओळीत कुठेही बसवा, बेरीज तीच. शायराची केवढी सोय!

अंकाला ही मुभा नाही. २४,४०० मध्ये चार दोनदा येतो. एक चार हजारांचा, दुसरा चारशेचा. आकृती तीच, घर वेगळं. एकं, दहं, शतं, सहस्र अशी ही घरं, प्रत्येक आधीच्याच्या दहापट, असं इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने सांगून ठेवलं आहे. पण घर ठरलं की रिकामं घरही दाखवावं लागतं. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा लेख आहे. देवाच्या बागेची लांबी २७० हात, असं त्यात कोरलंय. त्यातलं शून्य आजच्यासारखंच गोल आहे.

नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिज्मीने या हिंदी गणनेवर पुस्तक लिहिलं. शून्याला अरबीत 'सिफ्र' म्हटलं, म्हणजे रिकामं. इटलीच्या फिबोनाचीने १२०२ मध्ये त्याचं लॅटिन रूप केलं, त्यातूनच पुढे 'झीरो' आला. उर्दूत अंकाला 'हिंदसा' म्हणतात. तो 'हिंद'वरून आला, असं मी एकदा भाषणात ठोकून दिलं होतं. टाळ्याही मिळाल्या. नंतर कळलं, मूळ फारसी 'अंदाज़ा'त आहे. आपला 'अंदाज'ही त्याच घरचा. अर्थात अरब या अंकांना हिंदी अंक म्हणत, तेवढं खरं.

'एक हजार पाच' म्हणताना तोंडातून शून्य उच्चारलं जात नाही. जे आहे तेवढंच आपण बोलतो. कागदावर मात्र जे नाही तेही लिहावं लागतं, आणि पोर अडतं ते इथेच.

गेल्या वर्षी लेकीच्या मुलाने पाटीवर तेच १०००५ लिहिलं. मी चार घरं आखली, एक आणि पाच आपापल्या जागी बसवले.

"शतंच्या घरात कोण राहतं?"

"कुणीच नाही, नाना."

"आणि दहंच्या?"

"तिथेपण नाही."

"मग?"

त्याने थोडा वेळ विचार केला आणि दोन गोल काढले.