दुसऱ्या खुर्चीवर कोण बसतो?

अमेरिकेत निवडणूक आली की आपल्याकडे चर्चा होते ती राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची. त्याच्यासोबत उपाध्यक्षपदासाठी कोण उभा आहे, ज्याला तिकडे 'रनिंग मेट' म्हणतात, त्याकडे फारसे कुणी पाहत नाही. आम्ही म्हणतो, पाहायला हवे. या दुसऱ्या खुर्चीनेच एकदा ४० लाख मुक्त गुलामांचा घात केला.

साल १८६४. गृहयुद्ध चालू असताना लिंकन दुसऱ्यांदा उभे होते. त्यांचे उपाध्यक्ष हॅनिबल हॅमलिन गुलामगिरीचे जुने विरोधक. पण त्यांच्या मेन राज्याची मते पक्षाला तशीही मिळणारच होती. हवी होती युद्धाच्या बाजूच्या डेमोक्रॅटांची आणि सीमेवरच्या राज्यांची मते. त्या काळी ही निवड पक्षाचे अधिवेशन करी. उमेदवाराचा शब्द अंतिम ठरू लागला तो १९४० मध्ये रूझवेल्टनी हेन्री वॉलेससाठी हट्ट धरल्यापासून. बाल्टिमोरच्या अधिवेशनाने हॅमलिनना वगळून टेनेसीच्या अँड्र्यू जॉन्सनना घेतले. जॉन्सन दक्षिणेतले, डेमोक्रॅट, स्वतः गुलाम बाळगलेले. त्यांचे राज्य फुटले तरी ते संघराज्याशी एकनिष्ठ राहिले, ही त्यांची मोठी पात्रता. पण देश एकसंध ठेवणे वेगळे आणि काळ्या माणसाला समान मानणे वेगळे. मतांच्या हिशेबात हा फरक बसला नाही. ज्यांचे आयुष्य पणाला लागले होते, त्या गुलामांना तर मतच नव्हते.

४ मार्च १८६५ ला शपथविधी झाला. १५ एप्रिलला लिंकन गेले. अवघ्या ४२ दिवसांत जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले.

पुढे काय झाले? जनरल शर्मनच्या आदेशाने मुक्त गुलामांना कुटुंबामागे ४० एकरपर्यंत जमीन मिळू लागली होती. जॉन्सननी ती बंडखोर मळेवाल्यांना परत दिली. १८६६ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो मोडून कायदा केला. मताधिकार मागायला गेलेल्या फ्रेडरिक डग्लस यांना व्हाइट हाउसमधून रिकाम्या हाताने परतावे लागले. १८६८ च्या महाभियोगातून जॉन्सन एका मताने वाचले.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. म्हणून हा इतिहास आम्हाला परका नाही. बेड्या तुटल्या हे खरे. पण जमीन आणि सत्ता हाती आली नाही, तर तुटलेली बेडी पुन्हा जोडली जाते, हेही तितकेच खरे.

बाबासाहेबांनी राजकीय सत्तेला गुरुकिल्ली म्हटले. ती किल्ली उद्या कुणाच्या हाती जाईल, हे पाहणे आपलेच काम आहे. युती होते, जागावाटप होते, 'समतोल' साधण्यासाठी कुणालातरी दुसऱ्या खुर्चीवर बसवले जाते. अशा वेळी आपल्या तरुणांनी टाळ्या वाजवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: पहिला उद्या नसला, तर हा दुसरा आपल्या हक्कांचे काय करील?

उत्तर मिळेपर्यंत पाठिंबा नाही.

जय भीम!